पन्नाशीनंतरची शिकाऊ उमेदवारी



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांनी विषयाची जागा मोकळी सोडली होती. हमाल आणि ऊसतोड मजूर यांच्या संघटनेत तीस वर्षे घालविलेला माणूस आपल्याच विषयावर बोलणार, हे त्यांनी गृहीत धरले असावे. आम्ही कळविलेला विषय असा होता : ‘उतारवयात शिडाच्या फळीवरचे खेळ.’ लगेच चालकांचा फोन आला, ‘अण्णा, पत्रात काही चूक तर झाली नाही ना?’ चूक झाली नव्हती. ईटपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. उन्हाळ्यात आपल्या ओढ्यात गुडघाभर पाणी दिसले तरी आपण पोरांना हाक मारून दाखवितो. अशा गावात समुद्रावरच्या खेळाविषयी बोलणे चमत्कारिक वाटेल, हे आम्हाला मान्य आहे. तरी थोडा धीर धरावा. हा विषय समुद्रावरून निघाला असला तरी हिंडून फिरून तो आपल्याच बाजारपेठेत आणि आपल्याच शिवारात येऊन उभा राहणार आहे.

आमची थोडी ओळख सांगणे भाग आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा बार्शीच्या अडतबाजारात झाली, आणि तिथे पाटीऐवजी पाठीवर पोते होते. त्या काळी पोते शंभर किलोचे असे. कामगार कायद्याची पुस्तके आम्ही रात्री वखारीच्या ओट्यावर बसून वाचली. अडलेला इंग्रजी शब्द शब्दकोशात पाहायचा, आणि कोशातही समजला नाही तर सकाळी एखाद्या कारकुनाला विचारायचे, अशी आमची पद्धत. पोहायला मात्र लहानपणीच शिकलो. गावच्या विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा बांधून, चुलत्याने वरून ढकलून दिले तेव्हा. त्यानंतर पन्नाशी उलटेपर्यंत आम्ही नव्याने असे काही शिकलो नाही की ज्याचा पोटाशी किंवा लढ्याशी संबंध नव्हता. हे वाक्य पूर्वी आम्ही अभिमानाने उच्चारीत होतो. आज तसे उच्चारीत नाही. का, ते पुढे येईलच.

आमची मुलगी पणजीला एका रुग्णालयात परिचारिका आहे. गेल्या वर्षी उसाचा हंगाम संपला, टोळ्या गावोगाव परतल्या, हिशेबाची भांडणे मिटली, आणि एके दिवशी सभेत बोलता बोलता आम्हाला भोवळ आली. रक्तदाब वाढला होता. मुलीने फोनवर विचारले, ‘अण्णा, तुम्ही शेवटची रजा कधी घेतली होती?’ आम्ही बराच वेळ विचार केला. लग्नाला घेतली होती. तीही दोनच दिवस. ती म्हणाली, ‘दुसऱ्यांच्या रजेसाठी मोर्चे काढता, आणि स्वतः?’ याला उत्तर नव्हते. एप्रिलच्या अखेरीस आम्ही आणि आमच्या सौ. आठ दिवसांसाठी गोव्याला गेलो.

पहिले दोन दिवस आम्ही किनाऱ्यावर बसून वर्तमानपत्र वाचले. तिसऱ्या दिवशी दोनापावलाच्या बाजूला एक दृश्य दिसले. पंचवीस-एक वर्षांचा एक मुलगा एका रुंद फळीवर उभा होता, हातात शीड धरून. मागे इंजिन नाही, सुकाणू नाही, वल्हेही नाही. समोर मुरगाव बंदराच्या यारी दिसत होत्या; तिथल्या गोदी कामगारांच्या सभेला आम्ही पूर्वी एकदा आलो होतो. आणि त्या यारींच्या पार्श्वभूमीवर हा पोरगा वाऱ्यावर रेलून, जणू ओसरीवर टेकून बसावे इतक्या आरामात, पाण्यावरून निघाला होता. किनाऱ्याशी येताच त्याने शीड स्वतःभोवती गरकन फिरविले, आपण त्याच्या दुसऱ्या अंगाला गेला आणि उलटा तोंड करून परत निघाला. आम्ही उठून उभे राहिलो. हातातले वर्तमानपत्र उडून गेले ते कळलेही नाही.

त्याला विंडसर्फिंग म्हणतात. मुलगा शिकवणी घेत असे. आम्ही भीत भीत विचारले, ‘छप्पन वर्षांच्या माणसाला हे येईल काय?’ तो म्हणाला, ‘काका, पोहता येतं ना? मग या उद्या दुपारी. सकाळी वारा नसतो.’

आता हे यंत्र काय आहे ते सांगतो, कारण त्यात एक गंमत आहे. साधारण तीन मीटर लांबीची फळी. तिच्याखाली मागच्या बाजूस माशाच्या पराप्रमाणे एक पर. फळीच्या मध्यावर डोलकाठी, आणि डोलकाठीला शीड. शिडाच्या दोन्ही अंगांनी आडवा, वाकडा दांडा असतो. तो हातात धरायचा. होडीची डोलकाठी होडीत पक्की रोवलेली असते. इथे ती एका लवचिक सांध्यावर बसविलेली असते, आणि तो सांधा सगळीकडे वळतो. त्यामुळे डोलकाठी स्वतः उभी राहूच शकत नाही. माणसाने धरली तर उभी, सोडली तर पाण्यात. होडीत माणूस बसतो आणि डोलकाठी उभी राहते. इथे माणूस हाच अर्धी डोलकाठी असतो. आणि सुकाणू नसल्याने दिशा बदलायची तीही कलण्यानेच. शीड पुढे झुकविले की फळीचे नाक वाऱ्यापासून दूर वळते. मागे झुकविले की नाक वाऱ्याकडे येते. सारा कारभार एवढ्यावर चालतो.

वाऱ्याचा अभ्यास मात्र आम्हाला नवा नव्हता. शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले आहेत. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारा वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारा उलट समुद्राकडे जातो. सातवीच्या परीक्षेत या प्रश्नाला आम्हाला पुरे गुण मिळाले होते. तो वारा प्रत्यक्ष अंगावर घ्यायला पुढे चाळीसएक वर्षे लागली. दुसरे म्हणजे, खळ्यावर वाढलेल्या माणसाला वाऱ्याची दिशा कळतेच. उपणताना आई तिपाईवर उभी राही, चिमूटभर भुसा सोडून पाही, आणि मग सूप कलते करी. वारा पडला की सारे खळे हात बांधून बसे. दोनापावलाच्या किनाऱ्यावर त्या मुलाने मूठभर वाळू सोडून वारा पाहिला तेव्हा आमची आईच आठवली.

पहिल्या दुपारी आम्ही किती वेळा पाण्यात पडलो याची मोजदाद सौं.नी किनाऱ्यावर बसून ठेविली होती. चाळिसाच्या पुढे त्यांनी मोजणे सोडले. शीड पाण्यात आडवे पडलेले असते. फळीवर उभे राहून दोराने ते वर ओढायचे. शिडावर पाणी साचलेले असते, त्यामुळे ते विलक्षण जड लागते. आम्ही पाठीत वाकून जोर लावला. शीड हलेना, कंबर मात्र हलली. मुलगा ओरडला, ‘काका, पाठ सरळ! गुडघे वाकवा आणि मांडीनं उचला! घाई नको, पाणी आपणहून निथळू द्या.’

मित्रहो, त्या क्षणी आम्हाला हसू आले. बार्शीच्या बाजारात पहिल्या दिवशी म्हाताऱ्या हमालाने आम्हाला हेच शब्द सांगितले होते. पोते पाठीने उचलशील तर चाळिशीत घरी बसशील, मांडीने उचल. त्याची स्वतःची कंबर मात्र त्याच्या शहाणपणाने वाचली नाही, कारण शंभर किलोचे पोते शहाणपणालाही जुमानत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने माणसाने उचलायच्या जास्तीत जास्त वजनाविषयी करार केला तो १९६७ साली, आणि त्याच्या जोडीच्या शिफारशीत ५५ किलोची मर्यादा सांगितली. आमच्या पाठीवर शंभरचे पोते आले ते त्यानंतर. ५० किलोचे पोते आपल्या बाजारात यायला हमालांना पुढे वर्षानुवर्षे झगडावे लागले. ती विद्या, मांडीने उचलण्याची, आम्ही पोटासाठी शिकलो होतो. समुद्रात तीच विद्या खेळासाठी उपयोगी पडली. तिसऱ्या प्रयत्नात शीड पाण्यातून निघाले, आणि निशाणासारखे फडफडू लागले.

पुढे दोन दिवस आम्ही सरळ जात होतो आणि वळताना पडत होतो. आमची चूक मुलाने लवकर ओळखली. वाऱ्याचा झोत आला की आम्ही दांडा घट्ट धरून हातांनी झुंजत असू. त्याचे म्हणणे, ‘झोत आला तर मागचा हात जरा सैल सोडा. वारा निघून जाईल. वाऱ्याशी भांडून कुणी जिंकत नाही.’ तीस वर्षे आम्ही भांडण्याचाच पगार घेतलेला! भांडणे सोडा म्हणणारे पुष्कळ भेटले होते, पण ते मालकाच्या बाजूचे होते. हा मुलगा आमच्या बाजूचा होता. त्याचा आजा रापणीवर जाळे ओढणारा. १९७० नंतरच्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध मोठा लढा दिला. त्या मोर्च्यात तो आजा होता. म्हणजे पोरगा लढवय्यांच्या घरातला, आणि तरी सांगत होता की कुठे रेटायचे आणि कुठे सैल सोडायचे, हेही शिकावे लागते.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. संघटनेत गेली कित्येक वर्षे आम्हाला तोंडावर ‘चुकलात’ असे कोणी म्हटले नव्हते. वय वाढते, केस पिकतात, लोक ‘अण्णा’ म्हणू लागतात, आणि हळूहळू माणसाचे शिकणे थांबते. हा पोरगा दर पाच मिनिटांनी ‘काका, चुकलं’ म्हणत असे. पहिल्या दिवशी राग आला. चौथ्या दिवशी आम्ही त्या शब्दाची वाट पाहू लागलो.

सहाव्या दिवशी फजिती झाली, आणि ती फजितीपेक्षा थोडी अधिक होती. मुलगा दुसऱ्या एका शिकाऊ माणसाला दाखवीत होता. आम्हाला वाटले, आता आपल्याला येते. वाऱ्याच्या अंगाने सुखात निघालो. जाणे सोपे होते; परत फिरून वाऱ्याकडे चढत येणे आम्हाला नीट येत नव्हते. दर वळणाला पडायचे, आणि प्रत्येक पडण्याबरोबर वारा आम्हाला झुवारीच्या पात्राकडे थोडे आणखी सरकवायचा. किनाऱ्यावरची माणसे बाहुल्यांएवढी झाली. हात गळून गेले. विहिरीत पोहणे निराळे. विहिरीला चारी बाजूंनी काठ असतो. मुलाने पहिल्याच दिवशी दोन नियम घोकून घेतले होते : काही झाले तरी फळी सोडायची नाही, आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करायचे. आम्ही फळीवर बसलो आणि हात हलविले. उभ्या आयुष्यात इतरांसाठी हात वर केला होता. स्वतःला मदत पाहिजे म्हणून हात वर करण्याचा हा पहिलाच प्रसंग. होडी यायला दहा मिनिटे लागली असतील. त्या दहा मिनिटांत आमचा बराच ताठा समुद्रात बुडाला. त्याचे आम्हाला दुःख नाही.

सौं.नी त्या रात्री निक्षून सांगितले, ‘आता पुरे.’ पण त्याच रात्री दुसरीही एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आठ दिवसांची रजा आम्ही दोघांनी घेतली होती. आम्ही समुद्रावर होतो, आणि त्या दुपारचा वेळ सोडला तर सकाळ-संध्याकाळ मुलीच्या स्वयंपाकघरात. चूल बदलली होती, सुट्टी नव्हती. हे आम्ही त्यांना बोलून दाखविले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘सहा दिवसांनी दिसलं म्हणायचं.’ सातव्या दिवशी आम्ही सगळ्यांनी बाहेर जेवण केले, आणि सौ. लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेऊन तासभर पाण्यात उभ्या राहिल्या. आम्हाला परत फळीवर जायची परवानगीही तिथेच मिळाली.

आठव्या दिवशी आम्ही खेळ शिकलो. खेळ म्हणजे त्या मुलाने पहिल्या दिवशी केला होता त्यातला एक तुकडा. चालत्या फळीवर शिडाच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे जातो त्या अंगाला जायचे, आणि वाऱ्याने फुगलेल्या शिडाला पाठ टेकवायची. वारा शीड आपल्या पाठीवर ढकलतो, आपण पाठीने त्याला रेटतो. दोघांचे बरोबरीत आले की माणूस उभा. हलक्या वाऱ्यात हे जमते. आमचे सात-आठ वेळा जमले नाही. मग एकदा जमले. किती वेळ? सहा-सात सेकंद असतील. या पाठीवर पोती आली, एकदोनदा लाठीही आली. त्या पाठीला त्या दिवशी वारा टेकला होता. समोर मुरगावच्या यारी, खाली पाणी. मग तोल गेला आणि आम्ही पडलो. वर आलो तेव्हा किनाऱ्यावर दोन माणसे टाळ्या वाजवीत होती. एक तो मुलगा. दुसऱ्या आमच्या सौ.

आता विचाराल, याचा उपयोग काय? काहीच नाही. त्या खेळाने फळी वेगाने जात नाही, उलट मंदावते. मासळी मिळत नाही, मजुरी मिळत नाही. आमच्या मते हीच त्यातली मोलाची गोष्ट आहे.

हे यंत्र कोणी काढले याची चौकशी आम्ही नंतर केली, तेव्हा आणखी आनंद झाला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात न्यूमन डार्बी नावाचा एक गृहस्थ पाट्या रंगविण्याचा धंदा करी. त्याने १९६४ साली पत्नी नाओमी हिच्या साथीने शिडाची फळी बनविली आणि १९६५ साली एका लोकप्रिय विज्ञान मासिकात ती कशी बनवावी ते छापून टाकले. पेटंट त्याने घेतले नाही. पुढे कॅलिफोर्नियात हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक या दोघांनी आजच्या घाटाची फळी केली. १९६८ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७० साली ते मिळविले. त्या पेटंटवरून इंग्लंडात खटला झाला, तेव्हा उघड झाले की १९५८ साली हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने अशीच फळी बनवून चालविली होती. पुढे तिथल्या अपील न्यायालयाने पेटंट अमान्य ठरविले. म्हणजे पाट्या रंगविणारा कारागीर आणि सुट्टीत रिकामा असलेला शाळकरी पोर, यांच्या डोक्यातून हा खेळ निघाला. १९८४ साली लॉस एंजलिसला तो ऑलिंपिकमध्ये आला, आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इबाद अली या आपल्या खेळाडूने त्यात कांस्यपदक मिळविले. रिकामा वेळ आळशी माणसे निर्माण करतो असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

त्या मुलाने आम्हाला मोबाइलवर एक चित्रफीत दाखविली होती. कॅरिबियन समुद्रातले बोनेर नावाचे बेट. त्याच्या पूर्व बाजूला लाक नावाचा उपसागर आहे. बाहेर प्रवाळाची भिंत, ती लाटा अडविते; आत कमरेइतके पाणी, आणि वर्षातला बहुतेक काळ पूर्वेकडून येणारा व्यापारी वारा. पडले तर उभे राहावे आणि पुन्हा चढावे. शिकण्यासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही. त्या भागातल्या बेटांवरची स्थानिक मुले या खेळात जगात पुढे गेली. शेजारच्या अरुबाची सारा-क्विता ऑफ्रिंगा आणि मार्गारिता बेटावरचा गोलितो एस्त्रेदो यांनी फळीवरच्या कसरतींचे जगज्जेतेपद अनेकदा मिळविले. पण आमची नजर त्या चित्रफितीतल्या दुसऱ्याच माणसांवर खिळली. पिकलेल्या केसांची, पोट सुटलेली, पन्नाशी-साठीची स्त्री-पुरुष माणसे पडत होती, हसत होती, आणि पुन्हा शीड उचलीत होती.

त्याच बेटावर मिठागरे आहेत, आणि मिठागरांच्या काठी अजून दगडी झोपड्या उभ्या आहेत. माणूस धड ताठ उभा राहू शकणार नाही इतक्या बुटक्या. मीठ काढणाऱ्या गुलामांच्या त्या. डचांनी तिथली गुलामी रद्द केली ती १८६३ साली. कॅरिबियनमधल्या इतर कितीतरी बेटांवर ऊस होता. इंग्रजांच्या वसाहतींत गुलामी गेली, तेव्हा तो ऊस तोडायला आपल्या देशातून गिरमिटिये नेले. त्रिनिदादला त्यांचे पहिले जहाज १८४५ साली लागले. ऊसतोडीच्या संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाला ती बेटे नुसती सहलीची म्हणून पाहता येत नाहीत. तेच ऊन, तोच वारा. एकाच्या वाट्याला कोयता आणि मिठाचे ओझे आले, दुसऱ्याच्या वाट्याला शीड. फरक वाऱ्याने केलेला नाही.

मग तो फरक कशाने झाला? युरोपातला साधा कारखाना-कामगार सुट्टीवर जाऊ लागला तो कोणाच्या दयेने नव्हे. १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांनी प्रचंड संप केले, कारखान्यांत ठाण मांडले, आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळविली. त्या उन्हाळ्यात कित्येक कामगारांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने वर्षाला किमान सहा दिवसांच्या भरपगारी रजेचा करार केला.

आपल्याकडेही हा इतिहास आहे, आणि तो मराठी माणसाने घडविला आहे. मुंबईच्या गिरण्यांत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केले, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला आणि रविवारची सुट्टी मागितली. सहा वर्षे ते मागत राहिले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. आज आपण ज्या रविवारी उशिरा उठतो तो रविवार कोणी तरी सह्या गोळा करून मिळविलेला आहे. पुढे स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने दर वीस दिवस कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली. दिली ती कारखान्यातल्या माणसाला. उसाच्या फडातला माणूस त्या दाराबाहेरच राहिला.

गोव्याहून आम्ही परत आलो आणि ही सारी हकिकत इथल्या हॉटेलात चहा पिताना रंगवून सांगितली. लोक हसले. एक तरुण ऊसतोड मजूर हसला नाही. त्याने कप खाली ठेवला आणि विचारले, ‘अण्णा, आमी एक खाडा केला तर मुकादम पैसे कापतोय. बायकूचं अंग दुखलं तरी खाडा, लेकराला ताप आला तरी खाडा. आन् तुमी आठ दिस समुद्रात खेळून आलाव. ह्ये कसं काय?’

त्या वेळी आम्ही काही बोललो नाही. चहाचे पैसे दिले आणि घरी आलो. आज उत्तर देतो. तो मुलगा समोर बसलेला दिसतो आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामापूर्वी उचल घेतलेली असते. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याची रक्कम हिशेबातून वजा होते. म्हणजे इतर कामगाराला रजेचे पैसे मिळतात; याला रजेचा दंड भरावा लागतो. विश्रांतीला दंड असलेला असा दुसरा धंदा दाखवावा. आणि आमची चूक अशी की, तीस वर्षांत आम्ही दराची मागणी केली, विम्याची केली, मुलांच्या शाळेची केली, मुकादमाच्या दलालीची केली. पण सुट्टीची मागणी आमच्या पत्रकात कधी पहिल्या पानावर आली नाही. का आली नाही? कारण आम्हाला स्वतःलाच सुट्टीची किंमत ठाऊक नव्हती. आम्ही रजा न घेण्याला निष्ठा समजत होतो. ज्याने स्वतः कधी मोकळा श्वास घेतला नाही, तो दुसऱ्यासाठी तो काय मागणार? म्हणून त्या मुलाला आमचे उत्तर असे : बाबा, तुझा प्रश्न बरोबर आहे. मात्र त्याचा अर्थ अण्णांनी समुद्रावर जाऊ नये असा नाही. तुझा खाडा बंद झाला पाहिजे असा आहे. येत्या हंगामाच्या पत्रकात पहिली मागणी तीच असेल : आठवड्याला एक दिवस सुट्टी, आणि खाड्याची वजावट बंद.

पण नुसते मुकादमाकडे आणि कारखान्याकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. आपल्या बाजारपेठेत दुकानांवर कामाला असलेली पोरे आहेत. आपल्यापैकी काहींच्या शेतावर सालगडी आहेत. आपल्या घरी भांडी घासायला बाई येते. आणि भांडी घासणारी बाई नसेल तर घरची बाई आहेच. यांना आठवड्यात एक दिवस स्वतःचा आहे काय? कायदा काय म्हणतो ते क्षणभर बाजूला ठेवा. आपले वाडवडील कायदा न वाचता अवसेला बैलाच्या मानेवर जू ठेवीत नव्हते. पोळ्याला बैलाची खांदेमळणी होते, त्याला पुरणपोळी मिळते, आणि त्या दिवशी मालक त्याच्यापुढे हात जोडतो. बैलाला विश्रांतीचा हक्क आहे हे ज्या शिवाराला कळते, त्याला सालगड्याचा हक्क समजावून सांगायला बाहेरचा वक्ता कशाला लागावा?

सुट्टी कशासाठी, असेही कोणी विचारतात. माणूस ताजातवाना होऊन पुन्हा जोमाने कामाला लागतो म्हणून, असे उत्तर मालकांना पटते, आणि आम्हीही ते पुष्कळ वर्षे त्यांना देत आलो. ते खरे आहे; पण अर्धेच. बैल उद्या नांगराला लागावा म्हणून त्याला चारा घालतात. माणसाला सुट्टी हवी ती केवळ उद्याच्या कामासाठी नव्हे. ज्या दिवशी कोणी त्याला मोजत नाही, ज्या दिवशी तो पडला तर हसून उठू शकतो, असा दिवस त्याला हवा. त्या दिवशी त्याने समुद्रावर जावे असे नाही. आपल्यातल्या कोणी त्या दिवशी बासरी शिकेल, कोणी लिहायला-वाचायला शिकेल, कोणी कुस्तीच्या आखाड्यात जाऊन बसेल, कोणी नुसते झोपेल. ते त्याचे त्याने ठरवावे. आणि वय झाले म्हणून कोणी संकोच करू नये. आमची शिकाऊ उमेदवारी छप्पन्नाव्या वर्षी सुरू झाली. पगार नाही, बढती नाही, पडण्याला मात्र हिशेब नाही. यासारखी नोकरी आम्हाला आजवर मिळाली नव्हती.

यंदाही आठ दिवस जाणार आहोत. या वेळी स्वयंपाक कोणाकडे, हे घरी आधी ठरले आहे. त्या मुलाला कळविले आहे की वळताना अजून पडतो, तेव्हा ‘चुकलं’ म्हणायला त्याने तयार राहावे.

सभेच्या शेवटी वक्ता ‘आपली रजा घेतो’ असे म्हणतो. हे वाक्य आम्ही आजवर शेकडो सभांत उच्चारले, आणि लगेच दुसऱ्या सभेला धावलो. आज मात्र ते खरेखुरे उच्चारीत आहोत. आपली रजा घेतो. आणि आपणा सर्वांनाही ती मिळो, अशी इच्छा व्यक्त करतो.